पानं मोजणाऱ्या बाई

“शुक्रवारी संध्याकाळी नऊ होती,” बाई म्हणाल्या. “आज अकरा आहेत.”

मी फडकं पिळता पिळता थांबलो. “नवी फुटली असतील, बाई.”

“शनिवार-रविवारात?”

“रबर प्लांटचं काही सांगता येत नाही. लहर लागली की फुटतं.”

बाईंनी चष्म्याच्या वरून आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सगळ्यात खालच्या पानावर वीत ठेवली. वीत पुरली नाही.

“एवढी फुटतात? दोन दिवसांत?”

“तुमच्या हाताला गुण आहे, बाई,” मी म्हणालो.

बोलून गेलो आणि माझं मलाच कौतुक वाटलं. नोकरीचा तो तिसरा आठवडा होता आणि मला वाटलं, या धंद्यात आपण नाव काढणार. बाई “हं,” एवढंच म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. त्या एका ‘हं’चा अर्थ कळायला मला सहा वर्षं लागली.

या खैरनारबाई. इंदुमती खैरनार. नाशिकला त्र्यंबक रोडवर यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीचं मोठं ऑफिस होतं, तिथल्या अधीक्षक. साहेब केबिनमध्ये बसायचे, पण ऑफिस बाईंच्या नजरेवर चालायचं. नवी पेन्सिल हवी असेल तर जुनीचा बोटाएवढा तुकडा आणून दाखवावा लागे. गांगुर्डे नावाचा शिपाई होता, तो म्हणायचा, “बाई टाचणीला सुद्धा ओळखतात, तिचं माहेर कुठलं ते सांगतात.” ऑफिसातली एक वस्तू बाईंनी कधी घरी नेली नाही आणि कुणाला नेऊ दिली नाही.

आणि मी सोपान मोगल. मखमलाबादला तात्या पगारांची नर्सरी होती, तिथे कामाला. तात्या ऑफिसांना झाडं भाड्याने द्यायचे. या धंद्यातली मेख अशी की बंद खोलीत, एसीच्या वाऱ्यात, ट्यूबलाइटच्या उजेडात कुठलंही झाड फार दिवस तग धरत नाही. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ऑफिस बंद असलं की मी टेम्पो घेऊन जायचो, वॉचमन दार उघडायचा, मरगळलेली झाडं मी उचलायचो आणि तश्शीच दिसणारी ताजी तिथे ठेवायचो. उचललेली झाडं नर्सरीत हिरव्या जाळीखाली महिनाभर आराम करून पुन्हा कामावर. सोमवारी मी सगळ्यांसमोर जाऊन ऐटीत पाणी घालायचो, पानं पुसायचो.

“गिऱ्हाइकाला बदललं ते कळता कामा नये,” तात्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “झाड आपल्याकडे सुखात नांदतंय असं त्याला वाटलं पाहिजे. कळलं की मजा गेली, आणि भाडंही गेलं.”

तर तो पहिला शनिवार. बाईंच्या टेबलामागच्या कोपऱ्यातलं रबराचं झाड मी उचललं, तेव्हा पांढऱ्या कुंडीच्या काठाला एक टवका गेलेला दिसला. आणताना तो नव्हता, पण म्हटलं गांगुर्डेने झाडताना ठोकली असेल. माझ्या नव्या कुंडीला टवका नव्हता. मग मी टेम्पोतला पाना आणून नव्या कुंडीला नेमका तिथेच, तेवढाच टवका काढला आणि लांबून पाहून खूश झालो. पानं मोजायची असतात हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सोमवारनंतर मी पानं मोजायला लागलो. नुसती मोजायला नाही. बाईंच्या झाडासाठी नर्सरीत मी वेगळी रांग धरली. एकाच उंचीची, एकाच बाजूला झुकलेली बारा रबराची झाडं. एकाचं पान वाढलं की बाकीच्यांना खत, एकाचं गळलं की बाकीच्यांच्या एकेका पानावर कात्री. बाराही कुंड्यांना टवका. तात्या या रांगेला ‘बाईंची पलटण’ म्हणायचे आणि पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. दुसऱ्या वर्षी एका पानाच्या मागच्या बाजूला मला मरून रंगाची टिकली चिकटलेली सापडली. बाई पान पुसताना कपाळाचा घाम पुसत असतील आणि टिकली चिकटली असेल, असं मी ठरवलं. पण उद्या त्यांनी ती शोधली तर? म्हणून शनिवारी नव्या झाडाच्या त्याच पानाला टिकली लावली. महिन्याने तिथे हिरवी टिकली आली. पुढे काळी, मग चंद्रकोरीची. मी मेन रोडवरच्या दुकानात जाऊन टिकल्यांची पाकिटं आणायला लागलो. एकदा आईने माझ्या शर्टाच्या खिशात चार पाकिटं पाहिली, देवापुढे साखर ठेवली आणि संध्याकाळी मामाला फोन करून सांगितलं की सोपानचं एकदाचं जमलंय. तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली.

अशी सहा वर्षं गेली. बाईंचं झाड सगळ्या ऑफिसात प्रसिद्ध झालं. येणारा जाणारा म्हणायचा, वा बाई, काय जोपासलंय. बाई म्हणायच्या, “छे हो, ते आपलं आपणच जगतं.” आणि माझ्याकडे बघायच्या. मी खाली मान घालून पानं पुसत राहायचो.

मे महिन्यातला शेवटचा सोमवार. शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या. मी गेलो तर त्यांच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती.

“ये सोपान, तुझंच काम आहे,” बाई म्हणाल्या. “आमची सोसायटी बघितलीस ना, इंदिरानगरची? बेचाळीस घरं, बेचाळीस गॅलऱ्या. आणि त्यांत काय, तर गंजलेल्या सायकली आणि फुटके टब. मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, यंदा पावसाळ्यापासून प्रत्येक घराला झाडं मी निवडून देणार. ऋतूप्रमाणे. गॅलरीत वेगळी, घरात वेगळी. आणि एकही मरणार नाही अशी.”

“एकही?” मी म्हणालो.

“एकही. आमचे चेअरमन आहेत ना पाटणकर, ते म्हणाले, दिवाळीपर्यंत निम्म्या कुंड्यांत काड्या दिसतील. मी म्हटलं, दिसल्या तर पुन्हा सोसायटीच्या कुठल्याही कामात तोंड उघडणार नाही.” बाईंनी वही थोपटली. “आता रिकामपणी दुसरं आहे काय मला? मुलगी पुण्यात. हे गेल्याला आठ वर्षं झाली. हे काम हातात आहे म्हणून शनिवारची भीती वाटत नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी वहीकडे बघून म्हटलं. बाईंना कशाची भीती वाटू शकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“मग काय काय लावायचं ठरवलंय?” मी विचारलं.

“सोपं आहे. हे बघ समोर.” त्यांनी रबराच्या झाडाकडे बोट केलं. “सहा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत जगलंय. अंधारा कोपरा, एसीचा वारा. मीटिंगनंतर पेल्यांत उरलेलं पाणी गांगुर्डे त्यात ओततो. मारवाडी पार्टी आली की चहासुद्धा. काही होत नाही त्याला. प्रत्येक घरात एकेक रबर, दिवाणखान्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात. रोज दोन तांबे पाणी आणि उरलेला चहा. बारा महिने तेच. ऋतू बघायचं कामच नाही. कसं?”

बेचाळीस घरं, बेचाळीस अंधारे कोपरे, रोज दोन तांबे. श्रावण सरायच्या आत बेचाळीस झाडांची मुळं कुजणार होती. आणि पाटणकर चेअरमन जिन्यात उभे राहून मोजणार होते.

“बाई,” मी म्हणालो, “एक सांगायचं होतं.”

“बोल ना.”

त्या इतक्या शांतपणे माझ्याकडे बघत होत्या की मला ऑफिसातल्या सगळ्या पेन्सिली आठवल्या. “पावसाळ्यात पाणी जरा कमी घालतात,” मी म्हणालो.

“हं,” बाई म्हणाल्या. “अजून काही?”

“नाही.”

नर्सरीत आल्यावर तात्यांना सगळं सांगितलं. तात्या कुंड्यांत भरायचं कोकोपीट भिजवत होते.

“खुळा आहेस का? एका बाईला सांगितलंस की गांगुर्डेला कळणार, मग साहेबाला, मग सगळ्या ऑफिसांना. सोळा ऑफिसं आहेत आपली. तोंड उघडायचं तर सोमवारपासून येऊ नको.”

“त्यांची सगळ्यांदेखत फजिती होईल, तात्या. आपल्या खोटेपणामुळे.”

“आपल्या नाही, तुझ्या. टिकल्या मी आणत होतो?”

आठवडाभर मी पलटणीपुढे उभा राहून वाक्यं पाठ करत होतो. बाई, खरं सांगायचं तर. बाई, तुम्हाला राग येईल पण. त्या झाडांना सगळं पाठ झालं असेल, मला एक वाक्य धड येईना.

शनिवारी समारंभ होता. साहेबांचा आदेश होता की भेट म्हणून बाईंना त्यांचंच झाड द्यायचं, म्हणून नर्सरीतर्फे मलाही बोलावलं होतं. मी दाराशी उभा. साहेबांनी शाल, श्रीफळ दिलं आणि भाषणात म्हणाले, “सहा वर्षांत या ऑफिसात तीन मॅनेजर बदलले, एसी दोनदा बदलला. बदललं नाही ते बाईंचं हे झाड.” टाळ्या पडल्या. मी छताकडे बघितलं. त्या झाडाला तिथे येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

बाई बोलायला उठल्या. चारच वाक्यं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “या झाडाचं श्रेय मला देऊ नका. त्याची खरी काळजी ज्याने घेतली तो दाराशी उभा आहे. त्याच्याइतकं मन लावून काम करणारा माणूस मी या ऑफिसात पाहिला नाही.”

सगळ्यांनी वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी पुढे झालो, हात जोडले, म्हणालो, “मला काही सांगायचंय.” साहेब कौतुकाने हसले. गांगुर्डेच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. आणि बाई पुन्हा त्याच शांत नजरेने बघत होत्या.

“बाईंसारख्या बाई मिळणार नाहीत,” मी म्हणालो आणि मागे सरकलो.

संध्याकाळी झाड आणि बाई, दोघांनाही टेम्पोतून इंदिरानगरला सोडायचं माझ्याकडे आलं. झाड मागे, बाई माझ्या शेजारी. मांडीवर शाल, शालीवर नारळ, हातात ती निळी वही. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर टेम्पोतून घरी जाताना त्या इतक्या ताठ बसल्या होत्या की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत राहिला.

मुंबई नाक्यापाशी मी सुरुवात केली. “बाई, त्या झाडाचं...”

“गिअर टाक, मागचा हॉर्न वाजवतोय,” बाई म्हणाल्या.

मी गिअर टाकला. पुन्हा बोलायला धजलो नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कुंडी छातीशी धरून मी जिने चढलो, बाई मागून “सांभाळून, कोपरा आहे” म्हणत होत्या. दार उघडल्यावर मी कुंडी खाली ठेवली, घाम पुसला आणि डोळे मिटून एका दमात बोलून टाकलं.

“बाई, हे ते झाड नाही. दर पंधरा दिवसांनी मी झाड बदलत होतो. सहा वर्षं. एकही झाड त्या कोपऱ्यात महिनाभर जगलं नसतं. तुम्ही सोसायटीत तसं लावलं तर सगळी मरतील. टवका मी काढायचो. टिकल्याही मीच लावल्या. मला माफ करा, पण रोज दोन तांबे पाणी कुणाला सांगू नका.”

डोळे उघडले तर बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि शालीचा पदर तोंडाला लावून हसत होत्या. खांदे हलत होते. सहा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं त्या रडतायत.

“बरोबर चौथ्यांदा,” त्या म्हणाल्या. “सोमवारी एकदा, समारंभात एकदा, टेम्पोत एकदा. मी म्हटलं, आता हा जिन्यात सांगणार. पण तुला तिसरा मजला लागला.”

“म्हणजे तुम्हाला...”

“पहिल्या सोमवारपासून. अरे, नऊ पानांची अकरा पानं झाली आणि तू मला हाताच्या गुणाचं सांगत होतास!”

मी भिंतीला टेकलो. “मग टिकल्या?”

“बघत होते, किती लांब जातोस. चंद्रकोर कुठे मिळाली तुला? मला भद्रकालीच्या बाजारापर्यंत जावं लागलं होतं.”

“आणि ते चहाचं, दोन तांब्यांचं?”

“तू बोलावंस म्हणून. तुझ्या नर्सरीवाल्याची भाकरी तुला जास्त प्यारी की बेचाळीस घरांतली झाडं, ते बघायचं होतं. सोसायटीचं काम देण्याआधी माणूस बघावा लागतो.”

मला राग यायला हवा होता. आलाही असता, पण बाईंचं हसू एकदम थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि ऑफिसात ज्यांच्यापुढे साहेबसुद्धा जपून बोलायचे त्या खैरनारबाई माझ्यापुढे उठून उभ्या राहिल्या.

“आता माझं ऐक,” त्या म्हणाल्या. “मी हे सहा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. इकडे ये.”

त्यांनी गॅलरीचं दार उघडलं.

गॅलरी पश्चिमेची होती आणि हिरवीगार होती. ग्रिलवर बोगनवेल, उन्हाच्या बाजूला अडेनियम आणि कोरफड, भिंतीच्या सावलीला मनीप्लांट आणि सिंगोनियम. पण मला त्यातलं काही नीट दिसलं नाही, कारण कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपात एक रबराचं झाड उभं होतं. छताला टेकलेलं, तिथून वाकून ग्रिलमधून बाहेर गेलेलं. पानं ताटलीएवढी.

“ओळखलंस?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“तुमच्याच नर्सरीचं. तू ऑफिसात पहिल्या दिवशी आणून ठेवलंस ना, ते.”

मला काहीच कळेना. ऑफिसातून मी झाड नेलं होतं, नर्सरीत परत ठेवलं होतं.

“तू नेलंस ते मी ठेवलेलं,” बाई म्हणाल्या. “तुझं झाड आलं आणि मला वाटलं, मीटिंगचं पाणी वाया का घालवायचं. रोज ओतलं. दहा दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. ऑफिसची वस्तू, भाड्याची, आणि माझ्या हातून मरतेय. पेन्सिलीसाठी लोकांना उभं करणारी मी. साहेबांना काय सांगू? त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर दुसऱ्या नर्सरीतून तसल्याच पांढऱ्या कुंडीतलं तसंच झाड आणून ठेवलं आणि हे रिक्षात घालून घरी आणलं. म्हटलं, बरं झालं की एखाद्या सोमवारी गुपचूप परत ठेवीन. तर सोमवारी येऊन बघते, माझं नऊ पानांचं झाड गायब आणि तिथे तुझं अकरा पानांचं.”

“आणि टवका?”

“टवका माझ्याकडून गेला. ते नवं झाड ऑफिसपाशी रिक्षातून उतरवताना फुटपाथला लागली कुंडी.” त्यांना पुन्हा हसू फुटलं. “पानं चुकलास, पण टवका असा काढला होतास की मी भिंग लावून बघितला. मला विचारायचं होतं, माझं झाड कुठे नेलंस. पण विचारणार कशी? तू उलट विचारलं असतंस, तुमचं कुठून आलं.”

सहा वर्षं. बारा कुंड्या. बाईंच्या रिक्षात गेलेला एक टवका मी सहा वर्षं पान्याने ठोकून ठोकून जिवंत ठेवला होता.

“ऑफिसची टाचणी मी कधी घरी आणली नाही,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “आणि हे छताला लागलंय. रोज सकाळी समोर दिसायचं. आज ना उद्या परत करीन म्हणत होते. निवृत्तीच्या आत करायचंच असं ठरवलं होतं, पण धीर झाला नाही. तू सांगितलंस, आता मला सांगायला तोंड आहे. घेऊन जा हे. तुमचं आहे.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की काय करावं सुचेना, म्हणून मी पिंपाला हात घातला. पिंप हललं नाही. फांद्या ग्रिलमधून आरपार गेल्या होत्या. कापल्याशिवाय झाड निघालं नसतं.

“निघत नाही, बाई,” मी म्हणालो.

“नीट लाव जोर.”

“लावला. राहू द्या इथेच. दर दुसऱ्या शनिवारी मी येऊन बघून जाईन.”

“बदलायचं नाही पण.”

“नाही बदलणार.”

“आणि गेलं तर गेलं म्हणून सांगायचं. नवी फुटली, हाताला गुण आहे, असलं काही चालणार नाही. झाड मरतं, सोपान. मला चालतं. फसवलेलं चालत नाही.”

“सांगेन,” मी म्हणालो.

मग बाईंनी चहा टाकला आणि निळी वही उघडली. तिच्यात दोन तांब्यांचं नावही नव्हतं. सहा वर्षांत त्या गॅलरीत आणि घरात काय जगलं आणि काय मेलं ते सगळं होतं, मेलेलं लाल शाईने. लाल शाई भरपूर होती. ‘पावसाळा : कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवणे. स्नेक प्लांटला पाणी द्यायचे पंधरा दिवस विसरणे. गवती चहा कुणालाही जमतो. हिवाळा : शेवंती, पेटुनिया. चार महिन्यांचे पाहुणे आहेत, फेब्रुवारीत गेले की रडू नये. उन्हाळा : सकाळी सातच्या आत पाणी. तुळशीला सावली. घरातली झाडे खिडकीपासून चार पावलांच्या आत.’ एका पानावर नुसतंच लिहिलं होतं, ‘बोट मातीत घालून बघणे. बोट ओले, तर हात आवरणे.’

“यात एक राहिलंय, बाई,” मी म्हणालो. “माणूस बघून झाड द्यायला हवं. जे मे महिन्यात गावाला जातात त्यांना कोरफड. ज्यांचे हात सतत शिवशिवतात त्यांना पुदिना, कितीही पाणी घालू देत.”

“आणि पाटणकर चेअरमनना?”

“निवडुंग,” मी म्हणालो, आणि बाईंनी ते वहीत खरोखर लिहून घेतलं.

सोमवारी मी तात्यांना सांगून टाकलं, की बाईंना सगळं सांगितलंय. ते आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बाईंची पलटण टेम्पोत भरून देऊन म्हणाले, “ही तुझीच. दुसऱ्या कुणाच्या कामाची नाहीत, सगळ्यांच्या कुंड्या फुटक्या.” त्या बारा झाडांवर माझी नर्सरी सुरू झाली. बेचाळीस गॅलऱ्यांतली दिवाळीपर्यंत तीन झाडं गेली. बाईंनी स्वतः पाटणकरांच्या दारावर जाऊन तीन म्हणून सांगितलं. त्यांच्या निवडुंगाला तेव्हा फूल आलं होतं, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

दर दुसऱ्या शनिवारी मी जात राहिलो. लग्न झालं तेव्हा बायकोला घेऊन गेलो, मुलीचं बारसं झालं तेव्हा पेढे घेऊन. बाराएक वर्षांनी काचबिंदूने बाईंची नजर गेली. त्या मग झाडाशेजारी स्टूल घेऊन बसायच्या आणि हाताला येतील ती पानं बोटांनी पुसायच्या, मोजायच्या.

एका आषाढात त्या महिनाभर पुण्याला मुलीकडे होत्या. घराची किल्ली माझ्याकडे होती. पाऊस त्या वर्षी उघडलाच नाही. पिंपाच्या तळाचं भोक मुळांनी बुजलं होतं, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. झाड गेलं. मी आदल्या वर्षी त्याच्याच एका फांदीला गुटी बांधून रोप केलं होतं, ते आणून तिथे ठेवलं. उंची जुळणार नव्हती, म्हणून दुसऱ्या एका स्टुलावर ठेवलं. बाईंच्या हाताला नेहमी यायची तेवढीच पानं त्यांच्या हाताच्या उंचीला येतील असं केलं. पिंपाला टवका कधीच नव्हता, तरी मग पाना घेऊन कुंडीसमोर बसलो.

बाई परत आल्या. चहाच्या आधी गॅलरीत गेल्या. मी दाराशी उभा होतो. सांगेन म्हणून कबूल केलेलं वाक्य ओठांवर होतं आणि बाहेर येत नव्हतं.

त्यांनी पानं मोजली. एक एक करून, खालून वर. मोजून झाल्यावर हात खाली आला, कुंडीच्या काठावरून बोट फिरायला लागलं. अर्ध्या वाटेवर थांबलं. टवक्यावर.

“कधी गेलं?” बाईंनी विचारलं.

“आषाढीच्या दुसऱ्या दिवशी.”

“आणि हे?”

“त्याचंच आहे, बाई. त्याच्याच फांदीचं.”

बाईंनी मान हलवली. ओल्या फडक्यासाठी हात पुढे केला. मी ते दिल्यावर पहिलं पान पुसलं, दुसरं पुसलं, आणि मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, “टवका मात्र अजून तस्साच काढतोस.”